तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा स्नो पडला की लोक करतात काय?

डिसेंबर लागला की पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठूनही फोन आला तरी हा प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे एवढा स्नो पडतो, लोक घाबरत नाहीत का? की मजा येते?" बॉस्टनच्या आसपास, फ्रेमिंगहॅम-श्रूजबरी-बर्लिंग्टनच्या पट्ट्यात राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांना तो कधी ना कधी विचारला गेलेला आहे. "मजा येते" एवढं म्हणून विषय संपवता येतो. पण विचारणाऱ्यांपैकी काहीजण पुढच्याच हिवाळ्यात इकडे राहायला येणार असतात, त्यांना पुरतं उत्तर द्यायला हवं.

लोक कसे वागतात हे स्नो किती पडला यापेक्षा तो ठेवायला जागा किती उरली यावर ठरतं. 2014-15 च्या हिवाळ्यात हे बॉस्टनमध्ये जितकं स्पष्ट दिसलं तितकं क्वचितच दिसलं असेल. त्या मोसमात लोगन विमानतळावर 110.6 इंच स्नोची नोंद झाली. त्याआधीचा उच्चांक 1995-96 चा, 107.6 इंचांचा होता. सरासरी वर्षी जेमतेम 44 इंच पडायचा. यातही खरी अडचण तारखांची होती. 26 ते 28 जानेवारीच्या वादळात शहरात 24.6 इंच पडला. मग 2 फेब्रुवारी, मग 7 ते 10 फेब्रुवारी, मग 14-15 फेब्रुवारी. एकट्या फेब्रुवारीत 64.8 इंच. मधल्या दिवसांत इतकी कडाक्याची थंडी होती की आधीचा स्नो वितळायला उसंतच मिळाली नाही.

मुंबईच्या माणसाला हे पाण्याच्या हिशेबात लवकर समजतं. अकरा-बारा इंच भुसभुशीत स्नो वितळला की साधारण एक इंच पाणी होतं. म्हणजे तो अख्खा विक्रमी हिवाळा मिळून अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाणी. मुंबईत एखाद्या मुसळधार दिवशी तेवढा पाऊस पडतो, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला तर 944 मिलिमीटर पडला होता. पण पावसाचं पाणी नाल्यातून समुद्रात निघून जातं. स्नो जिथे पडला तिथेच राहतो, आणि तो उचलून ठेवण्याची जागा प्रत्येकाला स्वतः शोधावी लागते.

पहिल्या वादळाला लोक खूश असतात, हे खरं आहे. अंदाज आला की दुकानांतून ब्रेड, दूध आणि अंडी गायब होतात. ही घाई बाहेरच्यांना विचित्र वाटते, पण तिच्यामागे 1978 ची आठवण आहे. त्या वर्षी 6-7 फेब्रुवारीच्या वादळात बॉस्टनमध्ये 27 इंच पडला, शहराभोवतीच्या रूट 128 या महामार्गावर तीन हजारांहून जास्त गाड्या अडकल्या आणि पूर्व मॅसॅच्युसेट्समध्ये जवळजवळ आठवडाभर खासगी गाड्यांना बंदी होती. तेव्हापासून दोन गोष्टी इथल्या अंगवळणी पडल्या. लोक आधी भरून ठेवतात, आणि गव्हर्नरनं बंदी जाहीर केली की बहुतेक जण ती पाळतात. बंदी उशिरा आली तर काय होतं ते 2022 च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत दिसलं. वादळाच्या दिवशी, 23 तारखेला, सकाळी साडेनऊपासून बंदी लागू झाली, तोवर कितीतरी लोक कामावर निघाले होते. त्या वादळात त्या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही गाडीत, काही रस्त्यावर, काही वीज गेलेल्या घरांत, काही मदत पोचली नाही म्हणून.

तेव्हा दूध-ब्रेड आणाच, पण त्याआधी औषधं पंधरा दिवसांची आहेत ना बघा, गाडीत पेट्रोल निम्म्याच्या वर ठेवा, आणि घरातले कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बटण दाबून तपासा. या शेवटच्या गोष्टीकडे आपल्या लोकांचं सर्वांत कमी लक्ष असतं. घर गरम ठेवणाऱ्या नव्या पद्धतीच्या भट्ट्यांचा धूर छतावरच्या धुराड्यातून जात नाही, बाजूच्या भिंतीतून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीतून जातो. ती नळी जमिनीपासून बहुधा दोन-तीन फुटांवर असते. वाऱ्यानं तिथे ढीग साचला की एक तर भट्टी बंद पडते, नाहीतर विषारी वायू घरात येतो. वादळ चालू असतानाच दर काही तासांनी जाऊन तिच्याभोवती तीन फूट मोकळं करावं लागतं. गाडीचंही तसंच आहे. स्नोत रुतलेली गाडी सुरू करण्याआधी पहिल्यांदा मागची धुराची नळी मोकळी करायची, काचा आणि टप नंतर. 2013 च्या फेब्रुवारीतल्या वादळात बॉस्टनमध्ये, बाकीचे गाडी उकरत असताना ऊब घ्यायला आत बसलेला एक अकरा वर्षांचा मुलगा याच कारणानं गेला. मुलांना "गाडीत बसा, बाहेर गार वाटेल" असं प्रेमानं सांगणाऱ्या प्रत्येक आई-बाबांना हे ठाऊक असायला हवं.

आता फावड्याचं. सहा मीटर रुंद, दहा मीटर लांब ड्राइव्हवेवर फूटभर हलका स्नो पडला तर त्याचं वजन दीड टनाच्या आसपास भरतं. ओला असेल तर दुप्पट-तिप्पट. वादळ थांबेपर्यंत वाट बघून एकदम काढायला गेलं की कंबर जाते. चार-पाच इंच साचला की एक फेरी मारायची. जमेल तेवढा ढकलायचा, उचलायचाच असेल तर गुडघ्यात वाकून अर्धं फावडं. स्नो ओला आणि चिकट असेल तर फावड्याच्या पात्यावर स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा मारा, चिकटत नाही. रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि ढीग आपल्या उजव्या हाताला टाकायचा. इथे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा स्नो लोटणारा ट्रक, आपल्या डावीकडून येतो. डावीकडे टाकलेला ढीग तो उचलून परत ड्राइव्हवेच्या तोंडाशी आणून ठेवतो. जागा असेल तर डाव्या बाजूला रस्त्याच्या कडेनं सात-आठ फूट मोकळं करून ठेवा, म्हणजे प्लाऊचा माल तिथे पडतो. तोंडाशी साचलेला तो मिठाचा, कडक ढिगारा रात्री तसाच सोडू नये. सकाळपर्यंत दगड होतो.

भारतातून आलेले वडील किंवा सासरे "द्या इकडे, मी करतो" म्हणून फावडं घेतात. घेऊ देऊ नका. थंडीनं रक्तवाहिन्या आकसलेल्या, हातानं जड उचलणं, वर श्वास रोखून धरायची सवय: हृदयावर एकदम भार येतो. प्रत्येक मोठ्या वादळानंतर इथे फावडं मारताना हार्ट अटॅक येणारे असतात, आणि आपल्या लोकांत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आधीच जास्त. पन्नाशीच्या पुढे, किंवा यातलं काही असेल तर, प्लाऊवाल्याला पैसे द्या. तो ऑक्टोबरातच ठरवून ठेवावा लागतो. वादळाच्या आदल्या दिवशी कुणी नवं गिऱ्हाईक घेत नाही.

स्नोब्लोअर, म्हणजे स्नो उचलून दूर फेकणारं यंत्र, असेल तर एकच नियम जिवापाड पाळा. ओल्या स्नोनं त्याचं तोंड तुंबतं. तेव्हा इंजिन बंद करायचं, आणि बंद केल्यावरही आत हात घालायचा नाही, काठीनं काढायचं. अडकलेल्या पात्यांत ताण शिल्लक असतो. अडथळा सुटला की त्या गर्रकन फिरतात. बोटं जाण्याचे अपघात असेच होतात. शिअर पिना चार-पाच जास्तीच्या घरात ठेवा. वर्तमानपत्राचं भिजलेलं बंडल पात्यात आलं की गिअरबॉक्स वाचवण्यासाठी त्या तुटतात, तुटायलाच हव्यात. त्यांच्या जागी साधा बोल्ट घातला तर गिअरबॉक्स जातो.

मिठाबद्दल थोडक्यात. साधं खडेमीठ उणे नऊ सेल्सिअसच्या खाली फारसं काम करत नाही. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागतं. मीठ स्नो काढल्यावर टाकायचं, आणि थोडं. फूटभर स्नोवर पोतं ओतून काहीच होत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वादळानंतर लोकांचा सूर बदलतो. बॉस्टनच्या जुन्या वस्त्यांत गाडी रस्त्यावरच लावावी लागते. दोन तास खपून उकरलेली जागा सोडून जाताना माणूस तिथे खुर्ची, कचऱ्याचा डबा, इस्त्रीचं टेबल, काहीही ठेवून जातो. शहर त्याला स्नो इमर्जन्सी (शहरानं जाहीर केलेली आणीबाणी) संपल्यापासून 48 तासांपर्यंत मुभा देतं. साउथ एंडसारख्या वस्तीत ही प्रथा मान्य नाही. पण नियम काही असो, खुर्ची हलवून गाडी लावणाऱ्याचे टायर फाडले गेल्याच्या, काचा फुटल्याच्या तक्रारी होतात. नव्यानं आलेल्यांनी खुर्चीला हात लावू नये, हा सल्ला अगदी मनापासून. जागेची हीच टंचाई फुटपाथवर दिसते. बॉस्टनमध्ये घरासमोरचा फुटपाथ स्नो थांबल्यापासून तीन तासांत, निदान 42 इंच रुंद साफ करावा लागतो. रात्री पडला असेल तर सूर्योदयापासून तीन तास. ही रुंदी व्हीलचेअर आणि बाबागाडीसाठी आहे. स्नो परत रस्त्यावर लोटणं नियमाविरुद्ध आहे. आणि जवळच आग विझवण्याचा नळ असेल तर तो उकरून काढा, तो कुणाच्याही वाट्याचा नसला तरी.

2015 मध्ये तर शहरालाच जागा उरली नाही. ट्रक भरभरून स्नो मोकळ्या मैदानांवर नेला. बंदरात टाकायला एरवी मनाई असते, कारण त्यात मीठ, तेल आणि कचरा असतो. सीपोर्ट भागातला ढीग 75 फुटांपर्यंत गेला आणि 14 जुलैला वितळून संपला. भुयारी आणि उपनगरी रेल्वे 9 फेब्रुवारीच्या संध्याकाळी सातला बंद केली ती 10 तारखेला दिवसभर बंद होती. जुन्या डब्यांच्या मोटरींत पिठासारखा स्नो शिरून त्या जळत होत्या, विजेच्या तिसऱ्या रुळावर बर्फ चढत होता. त्याच आठवड्यात रेल्वेच्या प्रमुख बेव्हर्ली स्कॉट यांनी राजीनामा जाहीर केला. लोकांचा राग समजण्यासारखा होता, पण तो राग अनेक वर्षं न केलेल्या डागडुजीवर निघायला हवा होता. दुसरीकडे तरुण मुलं खिडक्यांतून ढिगांत उड्या मारून व्हिडिओ टाकत होती, आणि महापौर मार्टी वॉल्श यांना त्या थांबवण्याचं जाहीर आवाहन करावं लागलं. ढिगाखाली कुंपण असतं, गाडी असते, नळ असतो.

त्या हिवाळ्यात घरमालकांची झोप सर्वांत जास्त उडवली ती छपरांनी. तीन आठवडे स्नो छपरावर राहिला की घरातल्या उबेनं त्याचा खालचा थर वितळतो. पाणी उतारानं वळचणीपर्यंत येतं. वळचणीखाली ऊब नसते, म्हणून तिथे ते गोठतं आणि बांध तयार होतो. मागचं पाणी तुंबतं, शिंगल्सच्या, म्हणजे छपरावरच्या पातळ फरश्यांच्या, खालून उलटं चढतं आणि बैठकीच्या छतातून ठिबकू लागतं. पन्हळीला लोंबणाऱ्या बर्फाच्या जाड सुळक्या सुंदर दिसतात; त्या दिसल्या की पोटमाळ्याची उष्णता गळते आहे असं समजा. घाबरून लोक शिडी लावतात, हातोड्यानं बांध फोडतात. त्यात शिंगल्स फुटतात, आणि माणसंही पडतात. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रूफ रेकनं वळचणीपासून वरचा तीन-चार फुटांचा पट्टा ओढून काढणं, तेही प्रत्येक वादळानंतर लगेच, हा खरा उपाय. बांध झालाच असेल तर जुन्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो मोजा बांधावर आडवा नाही, उताराच्या दिशेनं ठेवा, टोक पन्हळीच्या बाहेर काढून. पाण्याला एक वाट मिळते. खडेमीठ इथे वापरू नका, खिळे आणि खालची झाडं दोन्ही जातात. वाफेनं बांध कापणारे कामगार उत्तम काम करतात, पण अशा हिवाळ्यात त्यांचे दर कुठल्या कुठे जातात.

वजनाचं भय सपाट छपरांना जास्त. फूटभर ताजा, हलका स्नो चौरस फुटाला दोन किलोंच्या आसपास असतो, ओला किंवा दबलेला आठ-नऊ किलोंपर्यंत जातो. 2015 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये शंभराहून जास्त छपरं कोसळली किंवा खचली, त्यांत दुकानं आणि गोदामं बरीच होती. आतले दरवाजे अचानक घट्ट बसू लागले, छताला नवी भेग दिसली, करकर आवाज आला, तर सामान न गोळा करता बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

मार्चमध्ये ऊन वाढलं की लोकांचे चेहरे उजळतात आणि तळघरं भरतात. घराला लागून केलेले ढीग वितळून पाणी पायाशी मुरतं. फेब्रुवारीच्या शेवटी पायापासून चार-पाच फूट स्नो दूर लोटा, पन्हळीच्या खालच्या नळ्यांची तोंडं मोकळी करा, आणि तळघरातलं पाणी बाहेर टाकणाऱ्या सम्प पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो सुरू होतो का बघा. मॅस सेव्ह या मॅसॅच्युसेट्सच्या ऊर्जाबचत योजनेत घराची ऊर्जा-तपासणी फुकट होते; पोटमाळ्याच्या इन्सुलेशनसाठी उन्हाळ्यातच अर्ज करा, पानगळीत रांग लांब असते.