आप्पांची गोळी आणि हिरव्या पानाची बाटली

परवा आप्पांचा लिपिडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, रिपोर्ट आणला, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७१. मी दोनदा बघितलं, कारण मागच्या खेपेला हाच आकडा ९६ होता. आप्पा काय बोलेनात, शेवटी आईच म्हणाली, अगं गोळ्या बंद केल्यात त्यांनी, तीन महिने झाले.

लग्नात पाहुण्यातल्या कुणीतरी सांगितलं म्हणे, त्या गोळीनं लिव्हर जातंय, त्यापेक्षा हे घ्या, झाडपाल्याचं हाय, साइड इफेक्ट नाही. फ्रीजवर बाटली होती, वर हिरवं पान, आत गुग्गुळ, लसूण, हळद, दालचिनी, आणि डॉक्टरांनी दिलेल्या स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीच्या, स्ट्रिप्स डब्यात जशाच्या तशा. मला लई वाईट वाटलं हो. हा माणूस रोज पहाटे रंकाळ्याला जातो, रविवारी पांढरा रस्सा वाटीभरच घेतो, आणि जे खरं काम करत होतं नेमकं तेच सोडलं. शुगर आहे त्यांना, चुलत्यांना अटॅक येऊन गेलाय.

मग रात्री वाचत बसले. २०२२ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी सरळ तुलनाच केली, एकीकडे रोसुव्हास्टॅटिनची ५ मिलिग्रॅमची छोटी गोळी आणि दुसरीकडे लसूण, हळद, दालचिनी, प्लांट स्टेरॉल (झाडांतला कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ) असली सप्लिमेंट्स. २८ दिवसांत गोळीवाल्यांचं एलडीएल ३८ टक्क्यांच्या आसपास उतरलं, सप्लिमेंटवाल्यांचं औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा वेगळं काही झालंच नाही. गुग्गुळाची २००३ ची अमेरिकेतली चाचणी आहे, त्यात तर एलडीएल थोडं वाढलंच.

पण सगळाच झाडपाला फुकट असं नाही. इसबगोल खरंच काम करतो. ग्लासात भिजवून ठेवला की खळीसारखा दाट होतो ना, तसाच आतड्यात होतो आणि पित्त धरून बाहेर नेतो, मग नवीन पित्त बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज १० ग्रॅमच्या आसपास घेतला तर एलडीएल पाच-दहा टक्के उतरतं. आता १७१ चे १० टक्के गेले तरी १५४ राहतातच की, म्हणून तो गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.

डॉक्टरांनी गोळी परत चालू केली, इसबगोलालाही हो म्हणाले, फक्त भरपूर पाण्यातनं आणि बाकीच्या औषधांपासून दोन तास लांब. आता आप्पा जेवणाआधी ग्लास संपवतात, झोपताना मी गोळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत तिथंच बसते. दीड महिन्यानं परत रक्त तपासायचंय.