अर्थिंग मशीनला, धाग्याला कुठंय?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी विमानाच्या इंधनटाकीतल्या फोमचा विषय घेतला. टाकीत गोळी शिरली तरी स्फोट होऊ नये म्हणून लढाऊ विमानांत जाळीदार पॉलियुरेथेन फोम भरतात. इंधन त्यातून वाहतं, ज्वाळा मात्र पसरत नाही. अमेरिकेनं व्हिएतनाम युद्धाच्या काळात तो वापरात आणला. आधीचा नारिंगी फोम दमट हवेत झिजून भुगा व्हायचा, म्हणून निळा आला. तो टिकला, पण त्यातून वीज अजिबात वाहत नाही. इंधन घासत गेलं की त्यावर विद्युतभार साचायचा. अमेरिकेच्या ए-10 लढाऊ विमानांच्या टाक्यांत अशा ठिणग्यांनी आगी लागल्या.

विमानाला अर्थिंग असताना ठिणगी कशी पडते, हेच मला कळेना. बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात वार्पिंगला, म्हणजे मागासाठी उभे धागे गुंडाळायच्या कामाला आहेत. जेवताना त्यांना विचारलं. म्हणाले, "अगं, उन्हाळ्यात पॉलिस्टर चालू असलं की हातावरचे केस उभे राहतात. अर्थिंग मशीनला असतं, धाग्याला कुठंय?"

माझा अख्खा प्रोजेक्ट त्या वाक्यावर उभा राहिला.

रॉकेल वापरायला सरांनी साफ नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. मग इंधनाच्या जागी बाबांनी आणलेला पॉलिस्टर धागा. गादीवाल्याकडून फोमचा तुकडा घेतला, दाभणानं आरपार भोक पाडून त्यातून धागा ओढायचा आणि फोम विद्युतदर्शीजवळ न्यायचा. विद्युतदर्शी म्हणजे काचेच्या बरणीत तारेला टांगलेल्या फॉइलच्या दोन पट्ट्या; जवळ भार आला की त्या फाकतात.

जुलैत पट्ट्या हलल्याच नाहीत. तीन आठवडे मी फॉइल बदलली, बूच बदललं, रडकुंडीला आले. दोष पावसाळी हवेचा होता. ओलाव्याचा पातळ थर भार वाहून नेतो. मार्चअखेर सोलापूरची हवा कोरडी ठाक पडली, तेव्हा पहिल्याच ओढीला पट्ट्या फाकल्या.

मग आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, खोचून ठेवतात तो काळा फोम घेतला. त्यात कार्बन असतो. तो अर्थ केलेल्या पत्र्यावर ठेवून तसाच धागा ओढला. पट्ट्या जागच्या जागी. विमानांसाठीही पुढे असाच वीजवाहक फोम बनवला गेला. इंधनातही भार लवकर निचरावा म्हणून किंचित अँटिस्टॅटिक द्रव्य घालतात.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी गादीच्या फोमला स्वतः अर्थची तार टेकवली. तो कोपरा बरणीजवळ नेला, पट्ट्या मिटलेल्या. तुकडा फिरवून दुसरा कोपरा नेला. पट्ट्या पुन्हा फाकल्या.