चीक, सिलिंडर आणि माझी वही

काल सिलिंडर संपला. वहीत पाहिलं, ४३ दिवस पुरला. स्वयंपाकघरात मी एकटीच खूश! वही सुरू केली तेव्हा हाच १४.२ किलोंचा सिलिंडर ३१ दिवसांत संपायचा. फार काही केलं नाही. डाळी भिजवून शिजवते, एकाच कुकरात वरण, भात आणि बटाटे लावते, शिट्ट्या झाल्या की पूर्वीपेक्षा पाच मिनिटं आधीच गॅस बंद करते. बाकीचं वाफ करते.

नोंदी ठेवायची सवय जुनीच. पुण्यात नऊ वर्षं अकाउंट्समध्ये होते, दुसऱ्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी टॅलीत टाकत. साताऱ्याला आले ते आईंच्या (सासूबाईंच्या) गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, सहा महिन्यांकरता. परत गेले नाही ते माझ्या मर्जीनं. हे कुणाला सांगून पटत नाही. लग्नकार्यात भेटलेल्या बायका हळूच विचारतात, "घरून परवानगी नाही का गं?"

त्यांना कुरडयांचा चीक कसा सांगू?

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं. नाही बदललं तर वास घरभर. चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरची निवळ ओतून द्यायची. इथवर कुणालाही जमतं. खरी परीक्षा पातेल्यापाशी. उकळत्या पाण्यात मीठ, हिंग, मग एका हातानं चीक ओतायचा आणि दुसऱ्यानं लाटण्यानं घोटत राहायचं. हात थांबला की गुठळी. पहिल्या वर्षी माझा अख्खा घाणा गुठळ्यांचा झाला. आई खुर्चीवरून म्हणाल्या, "ओलं बोट लावून बघ, चिकटला तर अजून कच्चाय." मी पाच-सहा वेळा बोट लावलं, दोनदा पोळलं. यंदा बोट लावायच्या आधीच लाटणं जड लागलं, पांढरा रंग जाऊन काचेसारखी चकाकी आली, आणि मला कळलं, झाला. गरम गरम सोऱ्यात भरला. टॅलीत नऊ वर्षांत बेरीज जुळल्याचा आनंद झाला असेल, पण असा हाताला कळलेला नाही.

आता न आवडणारी गोष्ट. सुरुवातीला पैसे मागून घ्यावे लागायचे, भाजीलासुद्धा. नवरा चांगला आहे, पण मागणं ते मागणंच. दोन महिन्यांत मी वही पुढ्यात ठेवली आणि घरखर्चापेक्षा वेगळी, फक्त माझी अशी रक्कम एक तारखेला माझ्या खात्यात यायला लागली. हे झालं नसतं तर मी आज पुण्याला असते, हेही खरं. नुसत्या चिकावर माणूस राहत नाही.

२०२१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या जनगणनेचा आकडा दिला होता: घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या बायका सुमारे १५.९८ कोटी, पुरुष ५७.९ लाख. खटला अपघाताच्या भरपाईचा. गृहिणीच्या कामाचं मोल पैशांत धरायलाच हवं, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे हिशेब झाला, पण बाई गेल्यावर! मी तो जिवंतपणी मांडलेला बरा.

परवा दुपारी वळिवाचे ढग आले. अर्धवट वाळलेल्या कुरडया प्लॅस्टिकसकट उचलून मी आणि लेक जिन्यावरून खाली पळालो. तिच्या हातून एक कोपरा निसटला, सोळा कुरडयांचा चुरा. आईंनी तो डब्यात भरून ठेवायला सांगितला, तळून चिवड्यात घालू म्हणाल्या. वहीत नोंद केली: गहू ३ किलो, गुठळी नाही, चुरा १६, कारण पाऊस. लेकीनं खाली पेन्सिलीनं लिहिलंय, "पाऊस नाही, मी."