अमोनियाचा वास

सीताबर्डीवर बाबांचं अमोनिया प्रिंटचं, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर नकाशांच्या प्रती काढायचं, छोटं दुकान होतं. इंजिनिअरिंगची मुलं ट्रेसिंग पेपरवरचे नकाशे घेऊन येत. मे महिन्यात त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहिलं, की डोळ्यांतून धारा लागायच्या. म्हणून अकरावीत रसायनशास्त्राच्या सरांनी तीव्र आम्लारीचं (आम्लाला उदासीन करणाऱ्या पदार्थाचं) उदाहरण विचारलं, तेव्हा मी खात्रीनं म्हणालो, "अमोनिया."

"वासावरून ताकद ठरवतो काय रे?" म्हणत सरांनी मला टेबलापाशी बोलावलं.

दोन चंचुपात्रं. एकात कॉस्टिक सोडा, दुसऱ्यात अमोनिया, दोन्हींची संहती सारखीच, 0.1 मोलर. जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या आणि एक बल्ब. सोड्यात बल्ब लख्ख पेटला. अमोनियात नुसती तार तांबूस झाली, कारण वीज वाहून नेणारे आयन तिथे कमी. मग सरांनी फळ्यावर 1.8 गुणिले 10 चा उणे पाचवा घात लिहिला. अमोनियाचा विचरण स्थिरांक, म्हणजे त्याचे रेणू पाण्यात किती प्रमाणात आयन बनवतात ते सांगणारा आकडा, 25 अंशांना. त्याला 0.1 नं गुणून वर्गमूळ मलाच काढायला लावलं. आलं सुमारे 0.0013, म्हणजे 0.1 मधल्या शंभर रेणूंमागे जेमतेम एकानं पाण्याकडून प्रोटॉन घेऊन हायड्रॉक्साइड मोकळा केलेला; सरांच्या भाषेत तो 'फुटलेला'! उरलेले नव्व्याण्णव जसेच्या तसे, आणि नाकाला झोंबतात ते तेच. कॉस्टिक सोडा पाण्यात पूर्ण विलग होतो, त्याला वास कुठला?

पण माझा खरा गोंधळ पुढे होता. "पाणी घालून दहापट विरल कर," सर म्हणाले. आता शंभरातले चार फुटले, स्थिरांक मात्र तोच राहिला. संहत-विरल म्हणजे पात्रात किती आहे, तीव्र-सौम्य म्हणजे त्यातलं किती फुटतं. या दोन गोष्टींची गल्लत मी नंतर एमएस्सीच्या मुलांनाही करताना पाहिली आहे.

शेवटी ब्युरेट, थेंबथेंब आम्ल सोडणारी मापाची नळी. मूळच्या दोन्ही द्रावणांचे 10 मिली घेतले, तर दोन्हींना 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 10 मिलीच लागलं. सौम्य आहे, मग आम्ल कमी का लागू नये? कारण आम्ल हायड्रॉक्साइड खात जातं, तसतसे उरलेले रेणू पुढे येत राहतात. आम्लारी संपल्याचं दाखवणाऱ्या मिथाइल ऑरेंजचा पिवळा रंग एका थेंबानं बदलला, तो थेंब मला अजून दिसतो.

रात्री बाबा आले, शर्टाला नेहमीचा वास. मी वहीत समीकरण काढून दाखवलं. दहावीही न शिकलेले बाबा बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे डोळ्यांतून पाणी काढते, तो न फुटलेला भाग आहे म्हण की!"