पाण्यावरचे तास

११ जानेवारी

पृथ्वीप्रदक्षिणेचा नकाशा पसरला की लोक देश मोजतात. मी पाणी मोजलं. जायरोप्लेननं, म्हणजे डोक्यावर पंख्यासारखा रोटर फिरणाऱ्या छोट्या विमानानं, जायचं असेल तर आधी तेच मोजायला हवं, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय.

खाली जमीन असेल तर जायरोइतकं निर्धास्त यंत्र नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. डोक्यावरचा रोटर उडताना इंजिनाला जोडलेलाच नसतो. मागचा प्रोपेलर यंत्राला पुढे ढकलतो आणि खालून वर शिरणाऱ्या हवेनं रोटर आपला आपण फिरत राहतो. धावपट्टीवर सुरुवातीला प्री-रोटेटरनं त्याला गती देतो, तेवढाच त्याचा इंजिनाशी संबंध. त्यामुळे आकाशात इंजिन बंद पडलं तरी रोटर थांबत नाही. यंत्र तिरकं खाली येतं आणि एखाद्या शेताच्या कडेलाही उतरतं, चाकं जेमतेम काही मीटर पळतात. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांचं मोठं विमान १९१९ मध्ये वेग मंदावून कोसळलं. वेग कमी झाला तरी पडणार नाही असं काहीतरी त्यांना हवं होतं. रोटरची पाती बुडाशी बिजागरीवर बसवून त्यांना वरखाली हलू द्यायचं, ही युक्ती त्यांना सापडली आणि १९२३ मध्ये माद्रिदजवळ गेटाफेच्या मैदानावर त्यांचं यंत्र उडालं. शंभर वर्षांनंतर आम्ही त्याच युक्तीच्या जोरावर उडतो.

ही निर्धास्ती किनाऱ्यापाशी संपते. पाण्यावरही जायरो हळूच टेकेल, पण फिरतं पातं पाण्याला लागलं की यंत्र कलंडतं. त्याचं वजन वर आणि मागे असतं, त्यामुळे ते उलटं होऊन बुडतं. म्हणून पाण्यावरचे तास मोजायचे. स्कॉटलंडमधल्या स्टॉर्नोवेहून फॅरो बेटं सुमारे ४३० किलोमीटर. फॅरोहून आइसलंडच्या आग्नेय टोकाला हॉफन, सुमारे ४७०. रेक्याविकहून ग्रीनलंडचं कुलुसुक ७३० च्या वर. ग्रीनलंडच्याच नूकहून कॅनडातलं इकालुइट ८०० च्या वर. माझ्या जायरोचा वेग ताशी १२० किलोमीटर.

१९ जानेवारी

मामाशी बोलले. तो रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला असतो, आयुष्य ट्रॉलरवर गेलं. ऑफिसात, फ्लाइंग क्लबात, मैत्रिणींत, जो तो विचारतो की इंजिन बंद पडलं तर काय. मामानं पहिलाच प्रश्न केला, "तिकडचं पाणी किती थंड गो?"

सांगितलं. आपल्याकडे समुद्र २७-२८ अंशांचा असतो. फॅरोजवळ ऐन उन्हाळ्यात १०-११ अंश. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याला तर उन्हाळ्यातही बर्फाचे तुकडे तरंगत असतात. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे पोहता येतं की नाही याला अर्थच नाही."

अगदी खरं. थंड पाण्याबद्दल इथे ब्रिटनमध्ये एक-दहा-एक असं शिकवतात. पहिल्या एका मिनिटात धाप आवरून श्वास ताब्यात आणायचा. पुढची साधारण दहा मिनिटं बोटं कामाची असतात, जे काही बांधायचं, ओढायचं, उघडायचं ते तेवढ्यात. आणि सुमारे एका तासात शुद्ध हरपायला लागते. हे सगळं इमर्शन सूट, म्हणजे पाण्यात अंग कोरडं ठेवणारा पोशाख, नसताना. सूट घातला की तो तास लांबतो, आणि त्या लांबलेल्या तासांवरच शोधपथकाचं सगळं गणित उभं असतं.

सूट आलाय. मान आणि मनगटाला रबरी पट्ट्या, छातीवर आडवी चेन. घातल्यावर उकिडवं बसून मानेची पट्टी बोटानं ओढायची आणि आतली हवा बाहेर काढायची, नाहीतर पाण्यात पाय वर तरंगतात. खाली लोकरीचे दोन थर. मी तो घालून घरभर वावरते, त्यात स्वयंपाक करते. आठ तास अंगावर ठेवायची वस्तू आहे, तिची सवय आत्ताच व्हायला हवी.

२ फेब्रुवारी

आज मनातलं सगळ्यात अवघड पान लिहिते. प्रदक्षिणेचं कडं सध्या एका जागी उघडं आहे.

आशिया आणि अमेरिका जवळ येतात त्या बेरिंगच्या सामुद्रधुनीत अरुंद जागी जेमतेम ८५ किलोमीटर पाणी आहे. जायरोला त्याहून सोपी वाट नाही. पण त्या पाण्यापर्यंत पोचायचं तर रशियावरून जावं लागतं, आणि २०२२ पासून रशियाचं आकाश ब्रिटिश विमानांना बंद आहे. रशिया टाळून जपानच्या होक्काइडोहून अल्यूशियन बेटांचं पश्चिम टोक गाठायचं म्हटलं तर दोन हजार किलोमीटरांहून अधिक उघडा, धुक्यानं भरलेला समुद्र. इतकं इंधन घेऊन जायरो उठणारच नाही.

उत्तर आयर्लंडमधल्या लार्नचे नॉर्मन सर्प्लस याच जागी अडकले होते. आतड्याच्या कर्करोगातून उठलेला हा माणूस मार्च २०१० मध्ये निघाला. युरोप, आखात, पाकिस्तान, भारत, बांगलादेश करत थायलंडला पोचला. तिथे यंत्र तळ्यात कोसळलं, ते वाचले, दुरुस्ती करून पुढे निघाले आणि जपानला पोचले. तिथे रशियाची परवानगी मिळेना. वर्षांमागून वर्षं गेली. शेवटी यंत्र जहाजानं अमेरिकेला नेलं आणि २०१५ मध्ये तिथून अटलांटिक ओलांडून घरी आले. जायरोनं अटलांटिक ओलांडला गेला तो त्या उन्हाळ्यात, पहिल्यांदाच. राहिलेला रशियाचा तुकडा त्यांनी २०१९ मध्ये पुरा केला आणि ओरेगनमध्ये कडं जुळवलं. जेम्स केचेल यांनी त्याच वर्षी ३१ मार्चला इथल्याच हॅम्पशायरमधल्या पॉपमहून निघून २२ सप्टेंबरला तिथेच उतरून १७५ दिवसांत सलग फेरी केली. रशियात काही काळ दोघे बरोबर उडाले. केचेल यांच्या चिकाटीचं मला कौतुक आहेच, पण अवघड दिवशी मला आठवतात ते सर्प्लस आणि त्यांची नऊ वर्षं.

कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारायच्या, जाळी विणायची, इंजिनं उघडायची. समुद्रावर नसलेले ते दोन महिने कोळ्याच्या धंद्यातलेच दिवस असतात. माझी वाट पाहणंही तसंच आहे असं मी धरून चालले आहे. रशिया कधी उघडेल ते माझ्या हातात नाही. उत्तर अटलांटिक मात्र आहे. सगळ्यात लांब, सगळ्यात थंड पाणी याच बाजूला. तेव्हा तयारी इथूनच.

१५ फेब्रुवारी

डंकरचं प्रशिक्षण झालं. तेलाच्या फलाटांवर हेलिकॉप्टरनं जाणाऱ्यांना जे देतात तेच. पोहण्याच्या तलावावर एक सांगाडा टांगलेला, त्यात खुर्च्या. पट्टे बांधून बसायचं, सांगाडा पाण्यात जातो आणि उलटा फिरतो.

डोक्याला माहीत असतं की पाणी कोमट आहे, बाजूला पाणबुडे आहेत. शरीराला काही माहीत नसतं. नाकातून पाणी कपाळापर्यंत चढतं, वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही, आणि हात आपोआप पट्ट्याच्या कुलपाकडे धावतो. नेमकं तेच करायचं नाही. एक हात सांगाड्याच्या ठरलेल्या नळीवर घट्ट धरून ठेवायचा. हालचाल पूर्ण थांबेपर्यंत तसंच बसायचं. मग दुसऱ्या हातानं पट्टा सोडायचा आणि धरलेल्या हाताच्या दिशेनं स्वतःला बाहेर ओढायचं. पट्टा आधी सुटला तर माणूस आतल्या आत तरंगतो आणि दिशा हरवते.

माझा जायरो उघडा आहे, दार नाही, काच फक्त समोर. त्यामुळे बाहेर पडणं हेलिकॉप्टरपेक्षा सोपं, असं शिकवणाऱ्या बाईंनीही मान्य केलं. पण हेल्मेटची वायर, नकाशाची दोरी, फोनची केबल, जे जे म्हणून लोंबतं ते गुंततं. त्या म्हणाल्या, "पाण्यात गेल्यावर जे अंगावर आहे तेवढंच तुझं." घरी आल्यावर मी कॉकपिटचे सगळे फोटो काढून बसले आणि प्रत्येक दोरीवर लाल खूण केली. संकटात उपग्रहामार्फत ठिकाण कळवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन आता डॅशबोर्डवर नाही, माझ्या छातीच्या खिशात राहील.

१ मार्च

वारा. कुलुसुकच्या टप्प्याचं गणित आज पुन्हा मांडलं. वारा नसेल तर सहा तासांहून थोडं जास्त. ताशी ३० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ९० आणि वेळ आठ तासांहून अधिक. त्याच वाऱ्यात मागे फिरलं तर वेग १५०. म्हणजे ४५० किलोमीटर समुद्र ओलांडून गेल्यावरही, पुढे जाण्यापेक्षा आइसलंडला परतणंच लवकरचं. हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही, पण आकडा कागदावर पाहिला की पोटात गोळा येतो. सर्प्लस आणि केचेल दोघेही अटलांटिकवर पश्चिमेकडून पूर्वेला आले, वारा पाठीशी घेऊन.

आपली आरोही पंडित मात्र उलट गेली. बोरिवलीची मुलगी, बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेली. मे २०१९ मध्ये 'माही' नावाच्या छोट्या सायनस विमानातून स्कॉटलंडच्या विकहून आइसलंड, ग्रीनलंड करत इकालुइटला पोचली, एकटी. हलक्या स्पोर्ट विमानातून अटलांटिक एकटीनं ओलांडणारी ती पहिली स्त्री. त्याच ऑगस्टमध्ये तिनं अलास्कातल्या नोमहून निघून बेरिंग समुद्रही पार केला. तिच्या विमानाचं इंजिन रोटॅक्स ९१२, माझ्या इंजिनाच्याच घराण्यातलं. सायनसला लांबलचक पंख आहेत, इंजिन गेलं तर ते बराच वेळ तरंगत जाईल. जायरो दगडासारखा नाही, पण तिरका लवकर खाली येतो. तरी ती ज्या धावपट्ट्यांवर उतरली त्याच माझ्या वहीत आहेत, आणि त्या नावांपुढे मुंबईच्या एका मुलीच्या चाकांची खूण आहे याचं मला फार बळ वाटतं.

इंधन ताशी सुमारे १८ लिटर. रोटॅक्सला साधं पेट्रोलही चालतं, ही मोठी सोय. विमानांसाठीचं शिसं घातलेलं पेट्रोल, म्हणजे अ‍ॅव्हगॅस वापरलं तर तेल लवकर बदलावं लागतं. मागच्या सीटवर फेरी टँक, म्हणजे जादा इंधनाची टाकी, बसेल.

९ मार्च

कागद. ब्रिटिश जायरो बहुतेक परमिटवर उडतात, आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्रमाणपत्र त्यांना नसतं. म्हणून प्रत्येक देशाची वेगळी परवानगी. फॅरो आणि ग्रीनलंडसाठी डेन्मार्क, आइसलंडसाठी आइसलंड. उड्डाण फक्त दिवसा, जमीन किंवा पाणी डोळ्यांना दिसत असताना.

पूर्वेकडच्या वाटेचं वेळापत्रकही मांडून ठेवलं, रशिया उघडला तर हाताशी असावं म्हणून. मृग लागायच्या आत महाराष्ट्र ओलांडायला हवा, जुलैत बेरिंग, आणि ऑगस्ट संपायच्या आत ग्रीनलंड सोडायला हवं. एकच उन्हाळा आणि त्यात एका टोकाला आपला पावसाळा, दुसऱ्या टोकाला आर्क्टिकचा हिवाळा. मार्चअखेर निघालं तरच बसतं.

या उन्हाळ्यात स्टॉर्नोवे, फॅरो, हॉफन आणि परत. एवढंच ठरवलंय. मामाला सांगितलं तर म्हणाला, "बरं केलंस. आधी बंदराबाहेर जाऊन ये."

२२ मार्च

डेन्मार्कचं उत्तर आलं, होकार आहे. आइसलंडला विम्याचा आणखी एक कागद हवाय, तो सोमवारी पाठवते.

वजनकाट्यावर सगळं ठेवून पाहिलं. माझ्या यंत्राची कमाल मर्यादा ५०० किलो. मी सूटसह, १३० लिटर इंधन, अवजारं, तेल, कपडे धरून हॉफनच्या टप्प्याला जागा उरते. मागची सीट टँकनं घेतल्यावर राफ्ट, म्हणजे फुगवायचा तराफा, कुठे ठेवायचा हा प्रश्न होता, तो डंकरनं सोडवलाय. एका माणसाचा राफ्ट कमरेला पाऊचमध्ये, माझ्याशी दोरीनं बांधलेला. पण त्यावर लाइफजॅकेट आलं की पोटापुढे चांगलाच उंचवटा होतो, आणि उतरताना शेवटच्या क्षणी स्टिक, म्हणजे यंत्र वळवायचा दांडा, पूर्ण मागे, पोटापर्यंत ओढावी लागते. आज हँगरमध्ये सगळं घालून बसले. स्टिक दोन बोटं आधीच अडते. पाऊच डावीकडे सरकवायला पट्टा पुन्हा शिवून घ्यायचाय, नाहीतर मांडीवर बांधायचा. शनिवारी दोन्ही करून बघते.