आप्पांचं घड्याळ

"आप्पांचं घड्याळ लिलावात काढायची वेळ आली होती का?" लग्नात, दहाव्याला, भुसावळ स्टेशनवर गाडीची वाट बघताना, कुठेही गेलो तरी हाच प्रश्न. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

नाही, उपाशी मरत नव्हतो. मुंबईत प्रदर्शन ठरलं होतं. बावीस कॅनव्हासच्या फ्रेमा, टेम्पो, गॅलरीचं भाडं. सातपुड्याची चित्रं इथे कोण घेतं? गिऱ्हाईक म्हणतं, "केळीची बाग काढा ना भाऊ, सोफ्याला मॅचिंग." आणि कुणी छायाचित्रकार केकी मूस यांचं नाव घेऊ नका. ते चाळीसगावच्या घरात स्वतःला कोंडून घेऊन जगभर पोचले, मान्य. मला डोंगर काढायचा असतो, तो घरात येत नाही.

घड्याळ म्हणजे ओमेगा सीमास्टर, सुरुवातीच्या काळातलं. रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर देश सोडताना आप्पांना, माझ्या वडिलांना, देऊन गेला होता. त्याला चावी द्यावी लागायची नाही. हात हलवला की आतलं वजन स्प्रिंगवर आपटायचं आणि मनगटाला हलकं ठक्क लागायचं. लहानपणी आप्पांच्या हातावर डोकं ठेवून झोपलो की ते ठक्क कानात यायचं.

मुंबईच्या लिलावाच्या तज्ज्ञाने डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. आधी फोटोवरून त्याने ऐंशी हजार ते एक लाख वीस हजारांचा अंदाज दिला होता. मग म्हणाला, "डायल रंगवलेली आहे. मिनिटांच्या रेघा हाताने मारल्यात, खालचा तपकिरी थर झाकलाय. तो थर असता तर शौकीन भांडले असते. ट्रॉपिकल म्हणतात त्याला." भिंग उतरवून म्हणाला, "हात मात्र चांगला आहे हं."

तो हात माझा. 1984 साली, कलाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आप्पा गार्ड, नाइट ड्यूटी करून झोपले होते. घामाने आणि भुसावळच्या उन्हाने डायल चहा सांडल्यासारखी झाली होती, मला लाज वाटायची. घड्याळजींकडून काच आणि काटे काढून घेतले. टिटॅनियम व्हाइटमध्ये थोडा यलो ऑकर, टोकावर येईल एवढा रॉ अंबर. तीन शून्य नंबरचा ब्रश. साठ रेघा, श्वास रोखून. आप्पांनी उठून पाहिलं. म्हणाले, "वेळ तीच दाखवतं ना?" आणि बांधलं.

त्या तज्ज्ञाला मी सांगितलं नाही की तो हात माझा आहे. का, तेही सांगतो. किंमत आणखी पडेल म्हणून नव्हे. "हात चांगला" हे ऐकून मला बरं वाटलं होतं. मुंबईत माझ्या कामाला मिळालेली पहिली दाद, आणि ती बापाच्या घड्याळावर.

पुतण्याने मोबाइलवर दाखवलं होतं: 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. मागे बायकोने कोरून घेतलेलं, गाडी जपून चालव अशा अर्थाचं. तिच्या अक्षरांनी किंमत चढली आणि माझ्या रेघांनी उतरली. कॅटलॉगात छापलं, 'डायलवर नंतर रंगकाम'. एकतीस हजारांना गेलं.

तेव्हाच्या त्या पोराला मी अजून सुनावतो. अरे, मे महिन्यात तापीकाठी बसून तू जी धूळ रंगवणार आहेस, जो तपकिरी-जांभळा धुरळा कॅनव्हासवर यावा म्हणून पुढे चाळीस वर्षं धडपडणार आहेस, तोच त्या डायलवर होता. तुला दिसला कसा नाही? तो मान वर करून म्हणतो, धूळ डोंगरावर शोभते, बापाच्या हातावर नाही. आणि आप्पांनी ते मरेपर्यंत घातलंच ना? यावर मला उत्तर सुचत नाही. पण आप्पांनी घातलं म्हणजे त्यांना आवडलं, असंही मी धरत नाही. ते काहीच टाकून देत नसत.

आणि विकताना हिशोब फक्त फ्रेमांचा होता का? कपाटात ते ठक्क गप्प पडलं होतं. मी मनगटावर बांधायचो आणि रेघाच बघत बसायचो.

प्रदर्शनात तीन चित्रं गेली. उरलेली एकोणीस मागच्या खोलीत भिंतीला तोंड करून उभी आहेत. परवा ताई आली, तीही हाच प्रश्न घेऊन. एक चित्र फिरवून बघत विचारलं, "हे कितीचं रे?"

मी फ्रेमची किंमत सांगितली.