निळ्या खुणेच्या बाटल्या

पोर्टलंडच्या ज्या दुकानात मी काम करते, तिथे घरी बिअर करणाऱ्यांसाठी माल्ट, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं), यीस्ट, बुचं, नळ्या असं सगळं मिळतं. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, त्यामुळे बिघडलेली बिअर आली की माझ्याच टेबलावर येते.

एका शनिवारी एक निवृत्त गृहस्थ आले. एका काखेत बाटल्यांचा खोका, दुसऱ्या हातात केग, म्हणजे बिअरचं स्टीलचं पिंप. दहा गॅलन पेल एल नावाची बिअर त्यांनी एकाच वेळी केली होती. निम्मी बाटल्यांत भरली, निम्मी केगमध्ये. "केगमधली झकास आहे. बाटलीतली ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. तुमची साखर खराब आहे," असा थेट आरोप.

चव घेतली. पुठ्ठा होताच. हॉप्सचा वास उडालेला, मागे शिळ्या मधासारखं काहीतरी.

पण साखर? केगमधली बिअर म्हणजे आपला गोटी सोडा: थंड करायची आणि सिलिंडरमधला वायू दाबाने आत सोडायचा. बाटलीत मात्र 19 लिटरला साधारण 115 ग्रॅम डेक्स्ट्रोज घालून बूच लावतात आणि दोनेक आठवडे खोलीतच ठेवतात. उरलेलं यीस्ट ती साखर खातं, त्यातून वायू तयार होतो आणि तळाशी गाळ बसतो. नीरा उन्हात राहिली की फसफसते, तसंच. कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडे तोच. साखर तर पूर्ण संपते. तिच्यापायी अल्कोहोल अर्ध्या टक्क्याहूनही कमीच वाढतं. ती पुठ्ठा कुठून आणणार?

मागच्या खोलीत घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबची मंडळी जमली होती, बारा जण. मालक म्हणाले, यांनाच पाजून बघू. प्रत्येकापुढे तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. मालकांनी काचेचे ग्लास मांडले, ते मी उचलून ठेवले. बाटलीतली बिअर गढूळ आणि जरा काळपट होती, आंधळ्यानेही ओळखली असती. अपारदर्शक कप आणले, बाटल्या बर्फात घालून केगइतक्याच थंड केल्या आणि ओतताना शेवटचं बोटभर तळाशी सोडलं. (बव्हेरियन गव्हाची बिअर असती तर तोच गाळ मुद्दाम हलवून ओतला असता, तिथे तो हवाच असतो.) बारापैकी दहांनी बरोबर ओळखलं. हा नुसता अंदाज नाही, असं म्हणायला आठ पुरेसे असतात.

म्हणजे म्हातारबुवा खरं बोलत होते. मग विचारलं, "बाटल्या भरल्या कशा?"

"डावाने. नरसाळ्यातून," ते अभिमानाने म्हणाले.

सापडलं! वरून धार पडते, बिअर खळखळते, हवा मिसळते. यीस्ट त्यातला थोडा ऑक्सिजन खातं, पण सगळा नाही. उरलेला हॉप्सचा वास घालवतो आणि पुढे पुठ्ठा आणतो. त्यात खोलीतल्या उबेने हे सगळं लवकर होतं, केग बिचारं फ्रिजमध्ये असतं.

"सगळ्याच अशा भरल्यात?"

ते घुटमळले. शेवटच्या आठ बाटल्या बायकोने भरल्या होत्या, नळी तळापर्यंत घालून, सावकाश. तिच्या बुचांवर निळी खूण केली होती. "ती घाई करत नाही, म्हणून वेगळ्या ठेवल्या. तिच्याच बिघडणार असं मला वाटलं होतं."

त्या आठ बाटल्या खोक्यातच होत्या. त्याही बर्फात घातल्या आणि केगमधल्या बिअरसमोर पुन्हा तीन-तीन कप मांडले. या वेळी बारापैकी पाचच जणांना वेगळा कप सापडला. नुसत्या अंदाजानेच चार जणांचं बरोबर येतं. मी स्वतः दोनदा चाखली आणि दोनदा चुकले.

मालकांनी साखरेचे पैसे परत करायची तयारी दाखवली, ते त्यांनी घेतले नाहीत. बाटल्या भरायची नळी तेवढी घेतली.

"घरी सांगणार का?" मी विचारलं.

निळ्या खुणेची एक बाटली उरली होती, ती त्यांनी कोटाच्या खिशात घातली आणि म्हणाले, "पार्किंगमध्येच बसलीये ती."